बांधावरची काडी व डोंगरावरचा वणवा

माघ सरत आला कीं आमच्या जिल्ह्यांतील माळ पिवळे पडतात, आणि फाल्गुन-चैत्रांत रात्रीं बालाघाटाच्या रांगेकडे पाहिलें असतां कोठें ना कोठें आगीची लाल रेघ सरकतांना दिसते. लोक ती अंगणांतून पाहतात, "डोंगर पेटला" एवढें बोलतात व झोपीं जातात. सकाळीं काळा पडलेला उतार दिसतो, दोन दिवस वाऱ्याबरोबर राख उडते आणि मग गोष्ट विस्मरणांत जाते. वणव्याविषयींची ही उदासीनता मुख्यतः एका समजुतीवर उभी आहे. ती समजूत अशी कीं, वणवा हा सरकारी रानाचा प्रश्न असून त्यांत जें काय बरेंवाईट व्हावयाचें तें वनखात्याचें होतें. आमचें मत याच्या उलट आहे. आमच्या जिल्ह्यांतील वणवा हा आधीं शेतकऱ्याचा प्रश्न आहे. कारण तो बहुधा शेताच्या बांधावरून निघतो, आणि त्यांत जळतो तो मुख्यतः शेतकऱ्याच्याच गुरांचा चारा. हें आमचें म्हणणें वाचकांपुढें सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

येथें कोणी विचारील कीं, ज्या जिल्ह्यांत रानच नाहीं तेथें वणव्याची चर्चा कशाला? प्रश्न वरवर रास्त आहे. धाराशिव जिल्ह्याचें क्षेत्र सुमारें साडेसात हजार चौरस किलोमीटर. त्यांत झाडांनीं आच्छादलेलें वन शेंकडा एकहि भरत नाहीं. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या मनुष्यास आमचें रान दाखविलें तर तो त्यास झुडुपेंच म्हणेल. परंतु ज्याच्या घरीं एकच गाय आहे त्यानेंच गोठ्याच्या आगीस अधिक भ्यावें, हें उघड आहे. येडशीचें रामलिंग घाटाचें रान १९९७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें क्षेत्र अवघें बावीस चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. घाटाच्या कुशींत रामलिंगाचें देवस्थान, आणि सभोंवार पळस, बाभूळ, बोर, आपटा, सीताफळ व मागाहून लावलेलें गिरिपुष्प, एवढीच काय ती आमची वनसंपत्ति. डिसेंबर २०२४ मध्यें यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक वाघ शेंकडों किलोमीटर चालून याच रानांत आला, ही वार्ता वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्यानें आसपासचीं गुरें मारलीं तेव्हां गांवोगांव भीति पसरली. रान जळून उघडें पडलें म्हणजे त्यांतील डुक्कर, हरीण व त्यांच्या मागावर असलेलें जनावर जाणार कोठें? तें आमच्याच उसांत व ज्वारींत येणार. तेव्हां रान लहान आहे म्हणून तें जळालें तरी चालेल, असें म्हणणाऱ्यानें आपल्या शेताचा विचार केलेला नाहीं.

शिवाय वणवा केवळ झाडांच्या रानांतच लागतो असें नाहीं. भूम, वाशी, परंडा, कळंब, तुळजापूर व धाराशिव या तालुक्यांत डोंगरउतारावरचे गवताळ माळ आहेत, गांवोगांवचीं गायरानें आहेत, हलक्या मुरमाड जमिनीचें पडीक आहे. आमच्याकडील आग बहुतेक याच गवतांतून धांवते. झाडांचें रान तिला शेवटीं भेटतें.

वणव्यास तीन गोष्टी लागतात: वाळलेलें इंधन, वारा व ठिणगी. पहिल्या दोहोंची तजवीज निसर्ग आपण होऊन करितो. दिवाळीनंतर माळाचें गवत वाळूं लागतें. पौष-माघांत पानगळ होऊन झाडांखालीं पाचोळ्याचा थर बसतो. फाल्गुनापासून ऊन चढतें, हवा कोरडी पडते व दुपारचा वारा सुटतो. ज्या सालीं पाऊस चांगला झाला त्या सालच्या उन्हाळ्यांत वणव्याचें भय अधिक असतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. चांगल्या पावसानें गवत माजतें, तें कापलें जात नाहीं, आणि तेंच पुढें जळण होऊन बसतें. दुष्काळी सालीं माळावर गुरांनीं कांहीं शिल्लकच ठेविलेलें नसतें.

चढणीवर आग अतिशय वेगानें धांवते. सपाटीवरील वेगाच्या मानानें दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा आग विझविणाऱ्यांचा ठोकताळा आहे. याचें कारण साधें आहे. उतारावर ज्वाळा पुढच्या गवतावर झुकते, त्यास आधींच तापवून सुकविते, आणि मग गवत काडी लावल्यासारखें पेट घेतें. घाटांतील अरुंद घळी तर धुराड्याचें काम करितात. उलटपक्षीं गवताची आग एका जागीं फार वेळ टिकत नाहीं. परंतु वाळलेला बुंधा, जुनें खोड किंवा शेणाचा पो यांत निखारा दोन-दोन दिवस धुमसत राहतो, व आग विझली म्हणून लोक घरीं गेले कीं वाऱ्यानें पुन्हां फुलतो.

राहिली ठिणगी. ती मात्र निसर्ग क्वचितच पुरवितो. वळवाची वीज पडते ती बहुधा पाऊस घेऊनच पडते. आणि बांबूवर बांबू घासून आग लागते ही कथा खरी मानली तरी आमच्या माळांवर बांबू आहे कोठें? आमच्याकडील जवळजवळ प्रत्येक वणवा मनुष्याच्या हातचा असतो.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या काळांत आगीचे पंचनामे पुष्कळ नजरेखालून गेले. कडब्याची गंज, गोठा, ठिबकच्या नळ्या, आंब्याचीं कलमें, क्वचित् दावणीला बांधलेलें जनावर, अशी नुकसानीची यादी बारकाईनें केलेली असे. परंतु आगीच्या कारणापुढें बहुधा एकच शब्द आढळे, तो म्हणजे 'अज्ञात'. पंचांना कारण ठाऊक नसे असें नव्हे. ज्याच्या बांधावरून आग आली तो पंचांपैकींच कोणाचा भाऊबंद असे. उद्यां त्याच्याच विहिरीवरून पाणी घ्यावयाचें, त्याच्याच शेतांतून गाडी न्यावयाची, मग त्याचें नांव कोण घेणार? असा हा 'अज्ञात' वर्षानुवर्षें कागदावर राहिला, आणि जें कारण कागदावरच येत नाहीं त्याचा बंदोबस्तहि होत नाहीं.

हीं अज्ञात कारणें वस्तुतः सर्वांना ज्ञात आहेत. रबीची ज्वारी निघाल्यावर धसकटें वेंचून पेटवितात. उसाचें पाचट फडांतच जाळतात. बांधावरचें गवत, काटेरी झुडपें व तुराट्यांचा कचरा एकत्र करून भर दुपारीं काडी लावतात आणि जेवावयास जातात. कोणी मोहोळ काढण्यासाठीं टेंभा करितो व तो तेथेंच टाकतो. सोलापूर-धुळें महामार्ग येडशीच्या बाजूनें जातो. त्यावरून जाणाऱ्या गाडींतून फेंकलेली विडी कडेच्या गवतांत पडते. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची मोठी यात्रा नेमकी कडक उन्हाळ्यांत भरते. लांबून आलेले यात्रेकरू झाडाखालीं तीन दगडांची चूल मांडतात, आणि उठतांना तींत पाणी ओतावें हें सर्वांना सुचतेंच असें नाहीं. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा सैल होऊन एकमेकींस घासल्या कीं ठिणग्या पडतात व उभा ऊस पेटतो. गुराख्यावर किंवा धनगरावर सारा दोष ठेवण्याची आपल्यांत रीत आहे. तो कधीं दोषी नसतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण वरील यादी पाहिली तर तींतील पहिलीं तीन कारणें आपणां जमीनधारकांच्याच घरचीं आहेत, हें कबूल केलें पाहिजे.

आतां ज्या समजुतीमुळें माळ जाणूनबुजून पेटविला जातो तिचा विचार करूं. "जाळल्यावांचून पुढच्या सालीं गवत चांगलें येत नाहीं," असें जुनीं माणसें सांगतात. यांत सत्याचा अंश आहे, व म्हणूनच ही समजूत मोडणें कठीण जातें. जळालेल्या माळावर थोड्याच दिवसांत कोवळे हिरवे कोंभ दिसतात, आणि गुरें तिकडे धांव घेतात. परंतु हे कोंभ राखेच्या जोरावर आलेले नसतात. बहुवर्षायु गवताच्या मुळांत जें सत्त्व सांठविलेलें असतें त्याच्या खर्चानें ते येतात. ते फुटतांच गुरांनीं खाल्ले, कीं मुळाचें भांडवलहि गेलें व व्याजहि गेलें. असें लागोपाठ तीन-चार वर्षें झालें म्हणजे पवना व मारवेल यांसारखीं उत्तम गवतें विरळ होतात. त्यांच्या जागीं कोण येतें? कुसळी. तिच्या बियाला लांब पीळदार कुसळ असतें. ओल लागली कीं तें उलगडतें, वाळलें कीं पुन्हां पिळतें, आणि अशा रीतीनें बीं स्क्रूसारखें जमिनींत शिरतें. वरून वणवा गेला तरी जमिनींतील बीं सुखरूप राहतें. म्हणून जो माळ वरचेवर जळतो तो हळूहळू कुसळीचा माळ होतो. ती कोवळी असतांना गुरें खातात हें खरें. पण कुसळें धरल्यावर ती गुरांच्या तोंडांत रुततात, मेंढरांच्या लोकरींत व कातडींत शिरतात. आपल्या गांवचा माळ पूर्वीं कसा होता व आतां कसा आहे, हें वाचकांनीं घरच्या वडील माणसांस विचारून पाहावें.

राखेचें खत होतें असाहि एक मुद्दा पुढें करितात. राखेंत पालाश व चुना उरतो, हें खरें. परंतु गवतांतील नत्र व गंधक यांचा बराच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि जो पालापाचोळा कुजून मातींत मिसळावयाचा तोहि जातो. शिवाय उरलेली राख तरी उतारावर राहते का? मृगाचा पहिला जोराचा पाऊस ती धुऊन ओढ्यास नेऊन घालतो. तिच्याबरोबर मातीहि जाते. गवताचें आच्छादन गेलेल्या उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब सरळ आपटतात, वरची माती चोपून बसते, पाणी न मुरतां वाहून निघतें, व तो गाळ खालच्या पाझर तलावांत येऊन बसतो. लाखों रुपये खर्चून ज्या बांधांचा व तलावांचा गाळ आपण उन्हाळ्यांत काढतों, त्यांपैकीं कांहीं गाळ अशा जळालेल्या उतारावरून आलेला असतो. डोंगरावर आग आणि पायथ्याशीं विहीर कोरडी, यांचा परस्परसंबंध आहे तो असा. कोंकणांत भातरोपासाठीं राब भाजतात; तेथें आग भाजणींतून सुटून आंबा-काजूच्या बागा उद्ध्वस्त होतात. तेथें निदान भाजण्यामागें भातरोपाचें एक निमित्त असतें; आमच्या कोरडवाहू माळास तेंहि नाहीं.

पण आमच्या मतें सर्वांत मोठा तोटा चाऱ्याचा आहे, व त्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. म्हणून एक साधा हिशेब करूं. एका गांवचें गायरान शंभर एकर आहे असें धरा, आणि एका एकरांत वाळलेलें गवत अवघें अर्धा टन निघतें असें समजा. म्हणजे पन्नास टन गवत झालें. एका मोठ्या जनावरास दिवसाला सहा किलो वाळलेला चारा धरला, तर एवढ्या गवतावर सुमारें ब्याण्णव जनावरें तीन महिने उभीं राहतील. हें गवत निकृष्ट आहे, नुसत्या त्यावर दुभतें जनावर दूध देणार नाहीं, हें सर्व मान्य. पण ज्या वर्षीं चारा मिळतच नाहीं त्या वर्षीं निकृष्ट चाऱ्याचीहि किंमत कळते. २०१३ व २०१९ या सालांत आमच्या जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. घरधनी व बायामाणसें गुरांसह छावणींत जाऊन राहिलीं, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ज्या जिल्ह्यास पांच-सात वर्षांनीं चाऱ्यासाठीं सरकारच्या दारीं जावें लागतें, त्यानें चांगल्या सालचें गवत काडी लावून उडवावें, यासारखा उफराटा व्यवहार नाहीं. सुगीचें धान्य जाळून टंचाईंत रेशनच्या रांगेंत उभें राहण्यासारखेंच हें आहे. आणि हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, घर, गोठा, जनावर किंवा पीक जळालें तर मदतीसाठीं पंचनामा तरी होतो. गायरानावर जळालेल्या गवताचा पंचनामा झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याचा मालक सारा गांव, म्हणून त्याची हानि कोणाचीच नाहीं!

कायद्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळांस तो ठाऊक नसतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ प्रमाणें राखीव वनास आग लावणें, किंवा वनास धोका पोंचेल अशा रीतीनें आग पेटती सोडणें, हा कैदेस व दंडास पात्र असा गुन्हा आहे. याच कलमांत अशीहि तरतूद आहे कीं, वनांत जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानें आग लागल्यास सरकारला त्या भागांतील चराईचे व वनोपजाचे हक्क कांहीं काळ तहकूब करितां येतात. म्हणजे एकाच्या काडीनें साऱ्या गांवच्या गुरांची वाट बंद होऊं शकते. कलम ७९ प्रमाणें ज्यास राखीव वा संरक्षित वनांत चराईचा किंवा वनोपज नेण्याचा हक्क वा परवाना आहे, त्यानें तेथील आग विझविण्यास मदत करणें हें कायद्यानेंच लावून दिलेलें कर्तव्य आहे. अभयारण्यांत आग लावण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३० नें मनाई आहे. आणि रान नसलें तरीहि, दुसऱ्याच्या जीवितास धोका होईल किंवा त्यास इजा पोंचण्याचा संभव असेल असा आगीच्या बाबतींत केलेला निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खालीं गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. "माझा बांध, माझें गवत, मी वाटेल तें करीन" हा जबाब चालणारा नाहीं.

येथें वनखात्याचीहि बाजू तपासली पाहिजे; नाहीं तर हा लेख एकांगी होईल. राज्यांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. रानाच्या कडेनें व मधून गवत काढून जे मोकळे पट्टे राखतात, ज्यांस जाळरेषा म्हणतात, ते त्यापूर्वींच तयार झाले पाहिजेत. पट्टा उशिरा झाला तर तो न झाल्यासारखाच. आणि पट्टा जाळून काढतांना आग बाहेर सुटली तर रक्षकच चोर झाला. एकेका वनरक्षकाकडे गांवोगांव विखुरलेलें क्षेत्र असतें; एका माणसानें तें सारें कसें सांभाळावें? डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्यानें आगीच्या सूचना पाठविते, व कोणाहि नागरिकास नांव नोंदवून त्या मिळवितां येतात. ही सोय उत्तम आहे. तथापि उपग्रह एका जागेवरून दिवसांतून थोड्याच वेळां जातो, आणि गवताची आग तर घटका-दोन घटकांत डोंगर चाटून मोकळी होते. म्हणून आकाशांतल्या डोळ्यापेक्षां गांवांतला डोळा अधिक उपयोगी, व खात्यानें त्या डोळ्यास आपलेंसें केलें पाहिजे. रानांतील गवत कापून नेण्याची परवानगी वेळेवर व सुलभ रीतीनें मिळाली, तर जळण कमी होईल आणि चाराहि मिळेल. गवत उभें वाळूं द्यावयाचें, कापूं द्यावयाचें नाहीं, आणि जळालें म्हणजे गांवाला दोष द्यावयाचा, हें बरें नव्हे.

गांवानें मनावर घेतलें तर काय होतें, याचे दाखले आपल्या राज्यांतच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली. गुरें मोकाट सोडावयाचीं नाहींत, गवत विळ्यानें कापून घरीं न्यावयाचें, असा नियम घालून घेतला. कापलेलें गवत जळत नाहीं. तें गोठ्यांत येतें. धुळें जिल्ह्यांतील बारीपाडा या आदिवासी गांवानें चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें चारशेंहून अधिक हेक्टर वन राखून दाखविलें. पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. हीं गांवें कांहीं श्रीमंत नव्हतीं. त्यांचें पाऊसपाणीहि आमच्या सर्वच गांवांहून फार निराळें आहे असें नाहीं. हिवरे बाजार तर आमच्याप्रमाणेंच अवर्षणाच्या पट्ट्यांतलें. त्यांनीं जें केलें तें ठरावानें व एकमेकांच्या धाकानें केलें.

मात्र आग विझविण्याच्या उत्साहांत जीव धोक्यांत घालूं नये, हेंहि बजावून सांगणें आमचें काम आहे. एप्रिल २०२१ मध्यें गोंदिया जिल्ह्यांत नागझिऱ्याच्या रानांत वणवा विझवितांना तीन वनमजूर होरपळून मरण पावले. मार्च २०१८ मध्यें तमिळनाडूंतील कुरंगणीच्या डोंगरांत वणव्यांत सांपडून वीसांहून अधिक गिर्यारोहकांचा अंत झाला. उतारावरची आग किती वेगानें माणसास गांठते हें वर सांगितलेंच आहे. आग खालून वर येत असतां तिच्यापुढें चढणीवर पळणें म्हणजे मृत्यूच्या वाटेनें पळणें होय.

या सर्व विचारांतीं आम्ही पुढील गोष्टी सुचवितों.

१. माळाला किंवा रानाला लागून असलेला बांध कोणीहि पेटवूं नये. बांधावरचें गवत विळ्यानें कापावें. झुडपें तोडून शेताच्या मधोमध आणावीं. उसाचें पाचट जाळूं नये. एका हेक्टरांतून आठ ते दहा टन पाचट निघतें. त्याची कुट्टी करून, टनास आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट व एक किलो कुजविणारें जिवाणूखत या मानानें टाकून ओल राखली, म्हणजे त्याचें शेतांतच खत होतें.

२. रबी निघतांच, माळाच्या बाजूनें आपल्या शेतांत दहा-बारा फुटांचा पट्टा नांगरून किंवा वखरून ठेवावा. एका शेतकऱ्यास हें एका सकाळचें काम आहे. ओळीनें सर्वांनीं केलें तर गांवाभोंवतीं आपोआप जाळरेषा तयार होते, व तिला सरकारी खर्च लागत नाहीं. कडब्याची गंज माळाच्या कडेस व विजेच्या तारांखालीं रचूं नये.

३. गायरानावरचें गवत वेळेवर कापावें. कुसळी ही कुसळें धरण्यापूर्वीं, फुलोऱ्याच्या सुमारास कापली तरच ती चारा म्हणून कामाची. पवना व मारवेल आश्विन-कार्तिकांत कापावें. कापणीची मजुरी गवताच्या किंमतीहून अधिक होते, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. रोकड मजुरी दिली तर तो खराहि ठरेल. म्हणून अर्धेलीनें द्यावें: जो कापील त्यास अर्धें, आणि अर्धें गांवच्या गंजींत. ज्यांस शेत नाहीं पण शेळी-गाय आहे, त्यांस पहिला हक्क असावा. ही गंज टंचाईच्या सालीं गांवची छावणी होईल.

४. प्रत्येक गांवीं दहा-बारा धडधाकट तरुणांची टोळी असावी. साहित्य घरोघर आहेच: फावडें, कोयता, निंबाचे हिरवे डहाळे, पाण्याची टांकी ओढणारा ट्रॅक्टर आणि पाठीवरचा फवारणीचा पंप. पंप औषधाचा अंश राहणार नाहीं असा स्वच्छ धुऊन घ्यावा, नाहीं तर धुराबरोबर विषहि अंगांत जाईल. नायलॉनचे कपडे घालून आगीजवळ जाऊं नये; सुती घालावे. आगीच्या बाजूनें वा पाठीमागून झोडपीत जावें. पुढें चढणीवर उभें राहूं नये. संकट आलें तर जळून गेलेली काळी जमीन हीच सुरक्षित जागा समजावी. आग विझल्यावर दोन माणसांनीं रात्रभर निखाऱ्यावर लक्ष ठेवावें.

५. आग दिसतांच वनरक्षकास, पोलीस पाटलास व वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. घरांस वा माणसांस धोका असेल तर ११२ वर. दुसरा कोणी कळवील असें म्हणून बसूं नये.

६. यात्रेच्या दिवसांत देवस्थानांनीं चुलीसाठीं मोकळ्या, गवत काढलेल्या जागा नेमून द्याव्या, व जवळ पाण्याचें पिंप ठेवावें. देवीला आलेल्या माणसास देवीच्या डोंगराची काळजी घ्या म्हणून सांगितलें तर तो ऐकतो.

७. शेवटची सूचना आमच्या जुन्या धंद्यांतली आहे. आगीच्या पंचनाम्यांत कारण लिहावें. ज्यांस लोक अजून तलाठीच म्हणतात त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनीं व पंचांनीं 'अज्ञात' या शब्दामागें लपूं नये. व्यक्तीचें नांव घेणें जड जात असेल, तर निदान 'बांध भाजतांना सुटलेली आग', 'पाचटाची आग', 'विजेच्या तारेची ठिणगी' एवढें तरी खरें लिहावें. पांच वर्षांचे असे पंचनामे एकत्र ठेविले तर कोणत्या गांवीं कशानें आग लागते हें स्पष्ट दिसेल, व उपाय कोठें करावयाचा हेंहि कळेल.

या सूचनांत नवें असें कांहीं नाहीं, आणि मोठा पैसा लागेल असेंहि कांहीं नाहीं. लागतो तो वेळेवर घेतलेला निश्चय. ग्रामसभा वर्षांतून ठरलेल्या दिवशीं भरतातच. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत गायरानाच्या गवतकापणीचा ठराव करावा, कारण तेव्हां गवत वाढीस लागलेलें असतें व वांटणीचा विचार करावयास अवधि असतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेंत जाळरेषेचा व बांध न पेटविण्याचा ठराव करावा, कारण त्यानंतर वणव्याचा हंगाम सुरू होण्यास जेमतेम तीन आठवडे उरतात. या दोन ठरावांस आपल्या सोसायटीच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं अनुमोदन द्यावें आणि मुख्य म्हणजे पहिली नांगरट आपल्या बांधापासून करावी, एवढी आमची विनंति आहे.